अल्प मुदतीची विद्या

इ. स. १८५४ च्या जुलै महिन्यात पुणे येथे ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या लांब नावाची एक लहानशी शाळा सरकारने उघडली, तेव्हा तिच्यापुढे विद्याव्यासंगाचा कोणताही उदात्त आदर्श नव्हता. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावू लागून जेमतेम सव्वा वर्ष लोटले होते, सडका, पूल, कालवे आणि सरकारी इमारती यांची कामे झपाट्याने वाढत होती, आणि ती जागेवर उभे राहून करवून घेणारे कनिष्ठ अंमलदार सार्वजनिक बांधकाम खात्याला तातडीने हवे होते, एवढीच तिच्या जन्माची हकीकत आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना त्यानंतर तीन वर्षांनी, १८५७ साली झाली, आणि विद्यापीठाने या विद्येला आपल्या पंक्तीत बसवून घेतले ते त्याहूनही पुढे, १८६० नंतरच्या दशकात. म्हणजे काम आधी, त्या कामाची माणसे तयार करणारा लहान अभ्यासक्रम त्यामागून, आणि विद्यापीठाची सनद सर्वांत शेवटी, असा हा क्रम होता. संगणकाच्या आज्ञावली रचण्याची विद्या, जिला आज आपण सॉफ्टवेअर किंवा वेब डेव्हलपमेंट म्हणतो, ती महाराष्ट्रात रुजली ती बहुतांशी याच क्रमाने. तिच्या अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमांकडे आपले विद्वज्जन कमीपणाने पाहतात. परंतु त्यांचा पूर्वेतिहास तपासला, तर उणेपणा मुदतीच्या लांबीत नसून त्या मुदतीत काय शिकवावे या निवडीत आहे, असे माझे मत झाले आहे.

पुण्याच्या शाळेनंतर १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तंत्रशिक्षणाची संस्था निघाली, आणि गिरण्यांना व कारखान्यांना लागणारी माणसे ती पुरवू लागली. पण संगणकशिक्षणाचा खरा पूर्वज पाहायचा असेल, तर या दगडी इमारती सोडून तालुक्याच्या गावी, बाजारपेठेतल्या एखाद्या माडीवर जावे लागेल. टंकलेखन आणि लघुलेखन शिकविणारी संस्था विसाव्या शतकात महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या गावांत होती. रेमिंग्टनची यंत्रे तेथे ओळीने मांडलेली असत आणि १९५५ साली मुंबईच्या गोदरेजने देशी बनावटीचे टंकलेखनयंत्र बाजारात आणल्यावर त्यांच्या जोडीला तीही येऊन बसली. मॅट्रिक झालेला मुलगा, आणि पुढे मुलगीही, दिवसातून एक तास ठरलेल्या यंत्रावर बसे, महिन्याचे शुल्क भरी, आणि मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांची सरकारी परीक्षा देई. ते प्रमाणपत्र हाती आले की तहसील कचेरीपासून मंत्रालयापर्यंत लिपिकाच्या जागेसाठी दरखास्त करण्याचा मार्ग मोकळा होई. शिक्षण खाजगी, परीक्षा सरकारी, यंत्र संस्थेचे आणि सराव विद्यार्थ्याचा, अशी ही चोख व्यवस्था होती. शेतकऱ्याच्या, विणकऱ्याच्या, गिरणीकामगाराच्या घरातली पहिली नोकरदार पिढी या माड्यांवर घडली. पुढे संगणक आला तेव्हा तासांची वाटणी, मासिक शुल्क आणि परीक्षेची पद्धत त्याला येथूनच आयती मिळाली. अनेक गावांत खोल्याही त्याच राहिल्या.

संगणकाचा पहिला अल्प मुदतीचा अभ्यासक्रम मात्र बाजारपेठेत न जन्मता एका अत्यंत जुन्या विद्यापीठात जन्मला. केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या एड्सॅक या यंत्राने ६ मे १९४९ रोजी आपली पहिली आज्ञावली पुरी करून वर्गसंख्यांचा तक्ता छापला. दोन वर्षांनी, १९५१ साली, विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी आज्ञावली कशा रचाव्यात यावर ग्रंथ लिहिला. या विषयावरचे हे पहिले छापील पुस्तक होय. आणि १९५३ च्या ऑक्टोबरात केंब्रिजने एका वर्षाची पदविका सुरू केली. तिचे नाव होते संख्यात्मक विश्लेषण व स्वयंचलित गणन यांची पदविका. संगणकाचे वर्षभर रीतसर शिक्षण देणारा जगातला हा पहिला अभ्यासक्रम. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग काढला तो १९६२ साली, म्हणजे या पदविकेनंतर नऊ वर्षांनी. आणि खुद्द केंब्रिजमध्ये या विषयात पदवी मिळण्याची सोय त्याहूनही पुढची. ती पदविका २००८ पर्यंत, पन्नासहून अधिक वर्षे, चालू राहिली.

या पदविकेच्या चालकांपुढे जो प्रश्न होता तो आजच्या प्रत्येक अभ्यासमंडळापुढे आहे: वर्ष एकच, विषय अफाट, तेव्हा काय घ्यावे आणि काय गाळावे? त्यांनी यंत्राच्या अंतर्रचनेचे सविस्तर शिक्षण मागे ठेवले आणि समीकरण सोडविण्याच्या रीती, त्यांतील चुकीची मर्यादा व आज्ञावलीची शिस्त यांना अग्रस्थान दिले. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, एड्सॅकच्या पाठीशी उपाज्ञावलींचा एक संग्रह होता. वर्गमूळ काढणे, छपाई करणे अशी वारंवार लागणारी कामे करणाऱ्या लहान लहान आज्ञावली छिद्रित कागदी फितींवर तयार करून पोलादी कपाटात क्रमवार ठेवलेल्या असत, आणि नव्या माणसाने स्वतःची आज्ञावली रचताना ह्या फिती घेऊन त्यांची जोडणी करावी अशी रीत होती. दुसऱ्याने केलेले काम वाचणे, त्यावर विश्वास ठेवण्याजोगे काय आहे हे पारखणे आणि मग त्यात आपली भर घालणे, हा संस्कार विद्यार्थ्यावर आरंभीच घडत असे. एका वर्षात याहून अधिक मोलाचे काही देता आले असते असे मला वाटत नाही.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी संगणक उभा राहिला तो १९६० साली. १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. प्रत्येकी ४० द्विमान अंकांच्या २,०४८ शब्दांची त्याची स्मृती; रंगस्वामी नरसिंहन आणि त्यांचे सहकारी यांनी तो बांधला, आणि बांधता बांधताच ते शिकले. अशा शिक्षणाला अभ्यासक्रम म्हणता येत नाही. अभ्यासक्रम म्हणता येईल अशी गोष्ट घडली ती कानपूरला. नऊ अमेरिकन विद्यापीठांच्या साह्याने चाललेल्या तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६३ साली आयबीएम १६२० हे यंत्र आले. ॲलन ट्यूरिंग यांच्याबरोबर काम केलेले हॅरी हस्की ते बसविण्यासाठी व शिकविण्यासाठी त्या वेळी तेथे होते. या यंत्राच्या खोलीला कुलूप घालून ते मोजक्या तज्ज्ञांपुरते राखण्याऐवजी संस्थेने अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आज्ञावलीलेखन अनिवार्य केले. आणि एवढ्यावर न थांबता देशभरच्या महाविद्यालयांतील अध्यापक, शास्त्रज्ञ व अधिकारी यांच्यासाठी दहा दिवसांचे वर्ग भरविले. दहा दिवसांत फोरट्रान ही भाषा, संख्यात्मक रीतींची ओळख आणि स्वतःच्या विषयातले एखादे उदाहरण यंत्रावर चालवून पाहणे, इतके होत असे. या वर्गांच्या व अध्यापनाच्या अनुभवातून व्ही. राजारामन यांचे आज्ञावलीलेखनाचे पाठ्यपुस्तक १९६९ साली भारतातच छापून निघाले, आणि परदेशी ग्रंथांच्या किमतीने ज्यांच्यापुढे दार बंद होते अशा हजारो विद्यार्थ्यांपर्यंत ही विद्या पोहोचली. आपल्या देशातल्या संगणकशिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्याने या दहा दिवसांच्या वर्गांना एक स्वतंत्र प्रकरण द्यावे, इतके त्यांचे महत्त्व आहे. कारण तेथून परतलेले अध्यापक आपापल्या गावी यंत्र नसतानाही फळ्यावर फोरट्रान शिकवू लागले होते.

सत्तरच्या दशकात या विद्येची वाट बिकट झाली. यंत्रे परदेशी, त्यांवरील जकात जबर, परकीय चलनाची चणचण, आणि १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यामुळे भागभांडवल सौम्य करण्याचा प्रश्न निघून आयबीएमने १९७८ साली भारतातला कारभार आवरला. कामगार संघटनांना संगणकामुळे नोकऱ्या जातील अशी भीती होती, आणि ती भीती निराधार होती असे म्हणण्याचा अधिकार ज्यांची नोकरी सुरक्षित होती त्यांना नव्हता. बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाविषयी करार झाला तो १९८३ साली. रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९८४ मध्ये शाखांत खतावणीची यंत्रे बसविण्याची तजवीज सांगितली. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्र सरकारचे नवे संगणकधोरण जाहीर झाले. म्हणजे दहाबारा वर्षे अडलेले पाणी दोन वर्षांत सुटले, आणि आज्ञावली लिहिणारी माणसे कोठून आणावीत हा प्रश्न एकदम सर्वांपुढे आला. विद्यापीठे अगदीच झोपी गेली होती असे नाही. पुणे विद्यापीठात संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९८० साली निघाला होता. त्याच सुमारास राजारामन यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञमंडळाने मनुष्यबळाचा विचार करून कोणत्याही शाखेच्या पदवीधराला घेता येईल असा एमसीएचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुचविला होता. पण विद्यापीठाच्या विभागात जागा मोजक्या, आणि दाराशी उभे राहिलेले तरुण असंख्य.

ही उणीव खाजगी वर्गांनी भरून काढली. दिल्लीत १९८१ साली एनआयआयटी आणि मुंबईत १९८६ साली ॲप्टेक या संस्था निघाल्या, आणि नव्वदच्या दशकात त्यांच्या शाखा व त्यांचे अनुकरण करणारे स्थानिक वर्ग नागपूर, कोल्हापूर, औरंगाबाद, सोलापूर अशा शहरांतून सर्वत्र दिसू लागले. त्यांच्या जाहिरातींत अतिशयोक्ती होती, शुल्क जबर होते, आणि कित्येकांचे अध्यापक कालपरवापर्यंत त्याच वर्गाचे विद्यार्थी होते. हे सर्व खरे. तरीही बारावीला गणित सोडलेल्या बी. ए. वा बी. कॉम. झालेल्या मुलांमुलींना अभियांत्रिकीच्या प्रवेशयादीने नाकारलेले दार या वर्गांनी उघडले, हे श्रेय त्यांच्याकडून हिरावून घेता येत नाही. दोष होता तो निवडीचा. वर्डस्टार, लोटस १-२-३, डीबेस यांच्या कळा पाठ करून घेण्यात सहा महिन्यांची मुदत खर्ची पडली, आणि विंडोज आल्यावर त्या कळांची किंमत उरली नाही. ज्यांच्या अध्यापकाने डीबेस शिकविताना नोंद म्हणजे काय, अनुक्रमणिका कशासाठी, एकच माहिती दोन ठिकाणी लिहिली तर हिशेब कसा बिघडतो हे समजावले, त्या विद्यार्थ्यांना ओरॅकल शिकायला फार दिवस लागले नाहीत. वर्गाची मुदत दोघांचीही तीच होती.

या गोंधळात काही प्रमाण असावे म्हणून केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने १९९० मध्ये डोएक योजना सुरू केली. ‘ओ’, ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा चार श्रेणींची परीक्षा सरकार घेणार आणि शिकवणारी संस्था कोणतीही असली तरी चालेल. टंकलेखनाच्या जुन्या व्यवस्थेशी तिचे साम्य सहज ध्यानात येते. महाराष्ट्रातले दोन प्रयोग मात्र याहून उंच पातळीचे झाले, आणि त्यांचा उल्लेख आदराने केला पाहिजे. टाटा संस्थेच्या छायेत सत्तरच्या दशकात वाढलेले सॉफ्टवेअर केंद्र १९८५ मध्ये एनसीएसटी या नावाने स्वतंत्र होऊन जुहूला स्थिरावले. तेथील सॉफ्टवेअर तंत्राची पदव्युत्तर पदविका आणि तिच्या प्रवेशाआधी द्यावी लागणारी सीएसटी ही परीक्षा यांचा मुंबईच्या तरुणांत एके काळी मोठा दबदबा होता. परीक्षा कठीण असे, आणि उत्तीर्ण होणाऱ्याने ती कोणत्या वर्गातून केली हे कोणी विचारीत नसे. दुसरा प्रयोग पुण्याचा. अमेरिकेने महासंगणक देण्यात अडथळे आणल्यावर १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हे यंत्र सिद्ध केले, आणि त्यानंतर स्वतःच्या गरजेतून व उद्योगांच्या मागणीतून प्रगत संगणनाची सहा महिन्यांची ‘डॅक’ ही पदविका सुरू केली. सुमारे ९०० तासांचा हा अभ्यासक्रम म्हणजे सकाळी व्याख्यान, दुपारनंतर प्रयोगशाळा, आणि शेवटी गटाने करावयाचा प्रकल्प. ‘डॅक केलेला’ एवढे दोन शब्द पुण्यात कित्येक वर्षे नोकरीच्या अर्जावर स्वतंत्र शिफारशीसारखे चालले. त्याचे कारण मला असे दिसते की, या अभ्यासक्रमाने विद्यार्थ्याला सहा महिने दुसरे काहीही करू दिले नाही.

वेबच्या आगमनाने या सर्व शिक्षणाचा पाया हलला. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या कल्पनेला सर्न या युरोपीय संस्थेत आकार आला, १९९१ मध्ये वेब बाहेरच्या जगाला खुले झाले, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने त्यावरील स्वामित्वाचा हक्क सोडून दिला. १९९५ साली जावास्क्रिप्ट आणि पीएचपी या भाषा निघाल्या, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. या विद्येला महागडे यंत्र लागत नाही. साध्या संगणकावरचे नोटपॅड आणि एक ब्राउझर एवढ्यावर पान उभे राहते. त्याहून मोठी गोष्ट अशी की, समोर दिसणाऱ्या कोणत्याही पानाचा मूळ मजकूर विद्यार्थ्याला उघडून वाचता येतो. केंब्रिजच्या पोलादी कपाटाजवळ जे मोजक्या पदवीधरांना लाभत होते, ते लातूरच्या सायबर कॅफेत तासाला काही रुपये मोजणाऱ्या मुलाला लाभू लागले. औपचारिक शिक्षणाने या संधीचा फायदा फार उशिरा आणि अपुरा घेतला, याची मला खंत वाटते.

त्याचे कारण आपल्या अभ्यासक्रमांच्या कारभारात आहे. तंत्रनिकेतनांचा अभ्यासक्रम राज्य तंत्रशिक्षण मंडळ ठरविते, आणि त्याच्या प्रत्येक आवृत्तीला एक इंग्रजी अक्षर असते. पदविकेचा विद्यार्थी आपली ओळख सांगताना ‘मी आय स्कीमचा’ असे सहज म्हणून जातो. आय स्कीम २०१७ मध्ये आली आणि के स्कीम २०२३ मध्ये. आय स्कीममध्ये वेब पेज डिझायनिंग पहिल्याच वर्षी आले, क्लायंट साइड स्क्रिप्टिंग आणि पीएचपी तिसऱ्या वर्षी, चौथ्या सत्रानंतर सहा आठवडे उद्योगात प्रत्यक्ष काम आणि शेवटी कॅपस्टोन प्रोजेक्ट. ही आखणी पूर्वीच्या मानाने निश्चितच विचारपूर्वक केलेली आहे. पण सहा वर्षांच्या मुदतीत वेबच्या कामाची साधने दोनदा बदलतात, आणि बी. एस्सी. किंवा बीसीएच्या विद्यापीठीय अभ्यासमंडळांची गती याहून वेगळी नाही. त्यातून जर्नलची प्रथा. प्रोग्राम कागदावर हाताने उतरून काढावा, त्याखाली उत्तर लिहावे, अध्यापकाची सही घ्यावी आणि सबमिशनच्या दिवशी ते जर्नल जमा करावे, ही रीत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून जशीच्या तशी संगणकाच्या प्रयोगशाळेत आली. त्यात विद्यार्थ्याच्या आयुष्यातील शेकडो तास व्यर्थ जातात आणि एक्स्टर्नलसमोर व्हायव्हाला बसलेली हुशार मुलेही स्वतःच्याच प्रोजेक्टमधली एक ओळ का लिहिली ते सांगू शकत नाहीत. ही प्रथा आजच बंद व्हावी असे मी आग्रहाने म्हणेन.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये बी. व्होक. या व्यावसायिक पदवीचे नियम केले, आणि अल्प मुदतीच्या शिक्षणाला विद्यापीठाच्या चौकटीत मानाची जागा मिळाली. एका वर्षाला पदविका, दोन वर्षांना प्रगत पदविका, तीन वर्षांना पदवी. श्रेयांकांपैकी ६० टक्के कौशल्याला आणि ४० टक्के सामान्य शिक्षणाला. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांनी सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट हा विषय घेऊन ही पदवी सुरू केली. या ४० टक्क्यांत भाषा, गणित आणि समाजाची ओळख यांना जागा देण्याचा हेतू स्पष्ट आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी ते तास व्यक्तिमत्त्वविकासाच्या व्याख्यानांत जातात, हे दुर्दैव आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये वेगवेगळ्या वर्षाखेरीस बाहेर पडण्याची ही मुभा इतर पदव्यांनाही देऊ केली, आणि २०२४-२५ पासून बीसीए हा अभ्यासक्रमही तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेखाली आला.

आता प्रश्न पहिल्या वर्षाचा आहे. बहुतेक अभ्यासक्रम विद्यार्थी तीन वर्षे थांबणार असे गृहीत धरून रचलेले आहेत. त्यामुळे पहिल्या वर्षी अंकपद्धती, सी भाषेचा अर्धा भाग, थोडे डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स आणि संभाषणकौशल्य अशा तुकड्यांची भरती असते, आणि घरच्या अडचणीमुळे वर्षाखेरीस प्रमाणपत्र घेऊन निघणाऱ्या मुलीच्या हाती एकही गोष्ट पुरी पडत नाही. त्या वर्षात एक भाषा सखोल, दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून दुरुस्त करण्याचा सराव, तक्त्यांत साठविलेल्या माहितीची शिस्त, आणि गावातल्या पतसंस्थेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या एखाद्या खऱ्या नोंदवहीचे काम करणारी एक लहान वेबसाइट, इतके असावे. बाकी सारे दुसऱ्या वर्षासाठी राहू द्यावे. २०२१ च्या नियमांप्रमाणे मिळविलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत जमा राहतात, म्हणजे ती मुलगी नोकरी करून, पैसे साठवून परत येऊ शकते. आणि परत आल्यावर तिचे जुने श्रेयांक कोणत्या विषयात जसेच्या तसे धरावेत व कोणत्या विषयात तिला एखादे सत्र नव्याने करायला सांगावे, हे अभ्यासमंडळांनी विषयवार आधीच ठरवून छापून ठेवले पाहिजे, म्हणजे प्रवेशाच्या खिडकीशी तिला कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागणार नाही.